तक्रार नसलेल्या आजाराची गोळी

उच्च रक्तदाब या आजाराचा मोठा दोष म्हणजे तो दुखत नाही. मराठी घरात आजाराला मान मिळतो तो कण्हण्याच्या आवाजावरून. दाढ ठणकली की मध्यरात्रीही डॉक्टर आठवतो, पित्त उसळलं की चाळीतल्या चार बिऱ्हाडांना कळतं. पण रक्तदाब १४०/९०च्या वर जाऊन वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकून बसला, तरी बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. दरम्यान तो हृदय, मेंदू, मूत्रपिंडं आणि डोळ्यांचे पडदे यांची नासधूस करत राहतो, तीही कोणाची झोपमोड न करता. ज्या दुखण्याची तक्रारच नाही त्यावर रोज, आणि बहुधा जन्मभर, गोळी घ्यायची हे म्हणूनच पचायला जड जातं. या गोळीच्या बाबतीत घडणारे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

पहिला घोळ मोजण्यात. इटलीच्या शिपिओने रिवा-रोची यांनी १८९६मध्ये दंडाला गुंडाळून हवेने फुगवायची पट्टी आणली. रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी १९०५मध्ये ती पट्टी सैल होत असताना धमनीतले आवाज ऐकून 'वरचं' आणि 'खालचं' असे दोन आकडे काढण्याची रीत सांगितली. या रीतीत रुग्णाला गप्प बसावं लागतं आणि आपल्याकडे ती नेमकी इथेच अडते. नियम साधे आहेत. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवी तुंबलेली नको. पाच मिनिटं शांत बसावं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. प्रत्यक्षात रुग्ण दोन जिने चढून, टपरीवरचा कटिंग घेऊन, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून झालेला वाद मनात घोळवत आत येतो, स्वेटरच्या बाहीसकट हात पुढे करतो आणि पट्टी फुगत असताना डॉक्टरांना मुलीच्या स्थळांची हकिकत ऐकवतो. अशा मोजणीत थोडा रक्तदाब रुग्णाचा असतो आणि बाकीचा रिक्षावाल्याचा.

घरचं इलेक्ट्रॉनिक यंत्र ही चांगली सोय आहे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं आणि दोन्ही आकडे तारीखवार लिहून ठेवावेत, एवढंच काम त्याच्याकडून करून घ्यायचं असतं. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमारेषा धरतात. पण यंत्र घरात आलं की पाहुण्यांच्या सरबराईत त्याचा समावेश होतो. पोहे झाले, चहा झाला, आता बीपी. ज्याचं सगळ्यात कमी भरेल तो उरलेला वेळ इतरांना सकाळच्या फिरण्याचं महत्त्व सांगतो. काही रुग्ण मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत राहतात आणि वहीत तेवढाच एक लिहितात. ही वही पाहून डॉक्टरांनी औषध कमी करण्याचा धोका असतो.

निदान झाल्यावर 'ही सगळी विलायती केमिकलं' अशी कुरकुर सुरू होते. औषधांचा इतिहास तिला फारशी साथ देत नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळांचे रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या भारतीय झुडपाकडे जगाचं लक्ष गेलं. त्यातून वेगळं काढलेलं रेसर्पिन काही वर्षं गाजलं. पुढे मन खिन्न होण्यासारख्या त्रासांमुळे आणि सोयीची औषधं आल्याने मागे पडलं. झाडपाल्याने अपाय होत नाही, या समजुतीला उत्तर द्यायला म्हणजे खुद्द झाडपालाच पुढे आला. त्यानंतर ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजचं एनालाप्रिल आणि रॅमिप्रिल त्याच कुळातलं. झाडाचं मूळ झालं, सापाचं विष झालं. 'नैसर्गिकच हवं' म्हणणाऱ्याला याहून अधिक काय द्यायचं, हा प्रश्नच आहे.

आज चार प्रकारच्या गोळ्या मुख्यतः दिसतात. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधं रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाच्या साखळीत अडथळा आणतात. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड मीठ आणि पाणी बाहेर काढतं, म्हणून या गोळीला घरोघरी 'लघवीची गोळी' म्हणतात. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल हृदयाची गती आणि जोर कमी करतात. पुष्कळदा एका औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन वेगवेगळी औषधं थोड्या प्रमाणात देणं बरं पडतं. हे न कळल्यामुळे 'एकाच्या दोन गोळ्या झाल्या' ही बातमी नातेवाइकांत आजार बळावल्याची म्हणून पोचते आणि लोक फळं घेऊन भेटायला येतात.

किमतीबद्दलही एक ठाम शास्त्र आहे: स्वस्त गोळी कमी ताकदीची. २०१७मध्ये सुरू झालेल्या 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह'च्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा ठरलेल्या क्रमाने मोजकी, चांगली औषधं मोफत मिळावीत, अशी त्यामागची कल्पना. पण फुकट मिळालेल्या अ‍ॅम्लोडिपिनवर अनेकांचा विश्वास बसत नाही. तेच अ‍ॅम्लोडिपिन चकचकीत वेष्टनात, पैसे मोजून घेतलं की गुण येतो. रक्तवाहिन्यांना मात्र बिल वाचता येत नाही.

चिठ्ठी वाचणं ही पुढची पायरी. भारतीय डॉक्टर डोस आकड्यांत लिहितात: १-०-० म्हणजे सकाळी एक, ०-०-१ म्हणजे रात्री एक, १-०-१ म्हणजे सकाळ-रात्र. ही लिपी सोपी असल्यामुळे सगळं घर ती वाचतं आणि प्रत्येकाला वेगळा अर्थ लागतो. औषधाचं नाव वाचण्याचं काम मात्र मेडिकलवाल्यावर सोपवलेलं असतं. एकच औषध अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे एक घोटाळा वारंवार होतो. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने टेल्मिसार्टन दिलेलं असतं, साखरेच्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने तेच, आणि रुग्ण दोन्ही श्रद्धेने घेत असतो. शिवाय एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात. यावर उपाय एकच. वेष्टनावर कंपनीच्या नावाजवळ छापलेली मूळ नावं वाचून त्यांची एक यादी करावी आणि ती प्रत्येक डॉक्टरला दाखवावी. 'ती गुलाबी, चपटी' हे वर्णन डॉक्टरांना पुरत नाही, कारण कंपनी बदलली की गुलाबी गोळी पिवळी होते.

मेडिकलवाल्याच्या हातातली कात्रीही या प्रकरणात महत्त्वाची आहे. दहाच्या पट्टीतल्या सहाच गोळ्या हव्या असल्या की कात्री चालते आणि मुदत संपण्याची तारीख नेमकी दुकानात राहणाऱ्या तुकड्यावर जाते. घरी येतो तो निनावी तुकडा. तो आधीच्या तीन निनावी तुकड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात पडतो आणि गरज पडेल तेव्हा डबा हलवून त्यातून गोळी निवडली जाते. शक्यतो अख्खी पट्टी घ्यावी. नाही तर नाव आणि तारीख असलेला भाग मागून घ्यावा. गोळी पट्टीतच ठेवावी आणि पट्टी कोरड्या, सावलीच्या जागी. बाथरूममधलं कपाट दमट असतं, गाडीतला कप्पा तापतो आणि टीव्हीसमोरच्या टीपॉयपर्यंत नातवाचा हात पोचतो. या शेवटच्या जागेत हसण्यासारखं काही नाही. लहान मुलाच्या पोटात अ‍ॅम्लोडिपिनच्या वर्गातली एखाददुसरी गोळी गेली तरी जिवावर बेतू शकतं.

वेळेबद्दलचे वाद घराघरांत चालतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या 'टाइम' या अभ्यासाने २०२२मध्ये दाखवलं, की बीपीची औषधं सकाळी घेतली काय आणि संध्याकाळी घेतली काय, हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात फरक पडत नाही. वेळ जी विसरली जाणार नाही ती धरावी. लघवीची गोळी बहुधा सकाळी देतात, म्हणजे रात्र उठबस करण्यात जात नाही. याला अपवाद लालपरीने लांबचा प्रवास असतो त्या सकाळचा. त्या दिवशी वेळ पुढे ढकलावी का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलेलं बरं. 'जेवणाआधी की जेवणानंतर' हा प्रश्न अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टनपुरता गैरलागू आहे. त्यांना वरणभाताशी देणंघेणं नसतं. काही औषधांना असतं, तेव्हा चिठ्ठी पाहावी. ज्या गोळीतलं औषध हळूहळू सुटावं अशी रचना असते, ती चावून किंवा कुटून घेऊ नये. दिवसभराचा माल एकदम पोटात उतरतो.

विसरण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला गोळी घ्यायची विसरण्याचा आणि दुसरा घेतल्याचं विसरण्याचा. स्वयंपाकघरातून 'अहो, गोळी घेतलीत का?' असा आवाज आला, की पेपरमागून 'हो' हे उत्तर विचार न करता येतं. ते कालच्या गोळीबद्दल असू शकतं. पुन्हा विचारलं, की शंका नको म्हणून आणखी एक घेतली जाते. सात वारांचे कप्पे असलेला डबा हा वाद मिटवतो. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर मंगळवारची गोळी पोटात आहे, यावर घरात चर्चा होऊ शकत नाही. एखादी चुकली आणि त्याच दिवशी आठवली, तर घ्यावी. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. दोन्ही एकदम घेऊन हिशोब पुरा करू नये. मराठी माणसाला थकबाकी ठेवणं आवडत नाही, पण भरपाईच्या गोळीने चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. अ‍ॅम्लोडिपिन तर इतकं सावकाश उतरतं, की रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. एका दिवसाच्या विसरण्याने आकाश कोसळत नाही. रोज विसरण्याने मात्र औषधावर उगाच 'लागू पडत नाही' असा ठपका येतो.

सगळ्यात विद्वान चूक म्हणजे आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं. १२८/८० दिसताच रुग्ण 'आता आलं जागेवर' म्हणतो आणि पट्टी ठेवून देतो. ते जागेवर आलेलं असतं गोळीमुळे; काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते आपल्या मूळ पदावर रुजू होतं. मेटोप्रोलॉलच्या वर्गातली औषधं आणि क्लोनिडीन एकदम सोडली, तर दाब किंवा नाडी उसळी मारते आणि हृदयाच्या रुग्णाला ती महागात पडते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डोस कमी होऊ शकतो, क्वचित बंदही होतो. तो निर्णय घरगुती बैठकीत बहुमताने घ्यायचा नसतो.

गोळीचे त्रासही ओळखून ठेवावेत, कारण तक्रार नसलेल्या आजारात पहिली तक्रार पुष्कळदा गोळीच आणते. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते. ती औषधाची आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, तर सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते, तिने पायात गोळे येतात, गोळ्यांसाठी आणखी काहीतरी, आणि हां हां म्हणता पट्ट्यांचं संमेलन भरतं. रॅमिप्रिल-एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. घरात खोकल्यावरचं उत्तर तयारच असतं: दाढेखाली ज्येष्ठमधाची काडी. ज्येष्ठमध रोज, भरपूर चघळलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. मग डॉक्टर रॅमिप्रिल वाढवतात, खोकला तसाच राहतो, काडी जाड होते. खरं तर खोकला सांगितला असता, तर टेल्मिसार्टनसारख्या औषधाने हे चक्र तिथेच थांबलं असतं. अंथरुणातून एकदम उठल्यावर अंधारी येत असेल, तर आधी काठावर बसावं, मग उभं राहावं आणि डॉक्टरांना सांगावं. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर मात्र फोनवर सल्ले न गोळा करता थेट रुग्णालय गाठावं.

इतर औषधांशी होणारी भांडणं हा मोठा विषय आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीच्या जोडीला ती रोज बसली, तर मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या नाकाबरोबर आकडाही मोकळा सोडतात. फसफसणाऱ्या सोड्याच्या पुड्यांत सोडियम असतं. दम्याच्या रुग्णाने मेटोप्रोलॉल-अटेनोलॉल आपल्या मनाने घेणं धोक्याचं, आणि मधुमेहात याच गोळ्या साखर उतरल्याची धडधड झाकून टाकतात. गरोदरपणात रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन बाळाला अपाय करतात; दिवस जाण्याचा विचार असला तरी ते आधी सांगावं लागतं. हे सगळं लक्षात घेतलं, तर 'आमच्या ह्यांना हीच लागू पडली, घेऊन बघा' असं म्हणत गच्चीच्या कठड्यावरून पुढे येणारी पट्टी नम्रपणे परत करण्यात शेजारधर्म मोडत नाही.

मिठाचं प्रकरण स्वतंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण चमचाभरापेक्षा, कमी मीठ पुरे. ताटात वरून मीठ न घेणारा रुग्ण स्वतःला व्रतस्थ समजतो आणि त्याच ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची आणि फरसाण बिनबोभाट बसलेलं असतं. उपवासाचं सैंधव धर्माला चालतं, पण रासायनिकदृष्ट्या तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमचं म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल घेणाऱ्याने, विशेषतः मूत्रपिंडं कमजोर असतील तर, ते विचारल्याशिवाय वापरू नये. निर्जळी एकादशीला गोळी चालते का, हा प्रश्न धर्मशास्त्रापेक्षा डॉक्टरांना आधी विचारावा. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असताना काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, आणि तेही त्यांनीच सांगायचं असतं.

प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, चार दिवस जास्तीच्या घेऊन. लेकाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या सामानात मेतकूट, भाजणी, गोडा मसाला किलोंनी असतो आणि चिठ्ठी टीव्हीखालच्या खणात राहते. तिकडे आपल्या कंपन्यांची नावं कोणी ओळखत नाही. मूळ नावाची यादी आणि चिठ्ठीच कामी येते. घड्याळ उलटसुलट झालं, तरी दोन डोसांतलं अंतर साधारण २४ तासांचं राहील असं बघावं.

एखाद्या दिवशी आकडा भलताच वर दिसला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजावं. १८०/१२०च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा दिसेनासं होणं असेल, तर १०८ला फोन करून रुग्णालयात जावं. त्रास काहीच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. आकडा खाली ओढण्यासाठी जास्तीची गोळी जिभेखाली ठेवू नये. दाब धाडकन उतरला, तर मेंदू आणि हृदयाचा रक्तपुरवठा तुटपुंजा पडतो.

शेवटी फेरतपासणी. औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही आठवड्यांत दाब पाहतात. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा लघवीची गोळी असेल, तर क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियमही तपासतात. भेटीला जाताना वही, यादी आणि सगळ्या पट्ट्या न्याव्यात. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञालाही त्या दाखवाव्यात. 'गोळी रोज घेता?' या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं, कारण खोट्या 'हो'वर डॉक्टर डोस वाढवतात. पुढच्या भेटीची तारीख चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेली असते. ती घरी गेल्या गेल्या दिनदर्शिकेवर उतरवून घ्यावी, कारण नंतर चिठ्ठी सापडते तेव्हा तिच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशोब असतो आणि घरात चर्चा त्यावरच सुरू होते.